रॉटवायलर आणण्याआधी

गेल्या महिन्यात सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीची सभा झाली. पार्किंगमधून एका रात्रीत दोन मोटारसायकली चोरीला गेल्या, त्यावर विचार करायला. तिथे एका सुशिक्षित, एरवी मितभाषी गृहस्थांनी अर्धा तास जे सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं : राखण रक्तातून येते. जर्मनांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घोटून तयार केली. रॉटवायलरचं, नाहीतर डॉबरमनचं, कागदपत्रांसह पिल्लू आणा, गच्चीवर बांधा. चोर गल्लीत पाऊल टाकणार नाही. आणि गेटपाशी पडून असणारी तीन गावठी कुत्री गाडी बोलावून उचलून न्यायला सांगा. ती संकर, भित्री, खायला काळ आणि भुईला भार. टाळ्या पडल्या. पिल्लासाठी घरटी वर्गणी किती, इथवर बोलणं गेलं.

रक्तापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

डॉबरमन हे नाव एका माणसाचं आहे. लुई डॉबरमन जर्मनीतल्या थुरिंजिया भागातल्या अपोल्डा गावी कर वसूल करायचा. मोकाट कुत्री पकडून कोंडवाड्यात घालण्याचं कामही त्याच्याकडे असे. पैशाची पिशवी घेऊन दारोदार फिरायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, तर सोबतीला तिखट कुत्रं हवं. म्हणून हाताशी असलेल्या कुत्र्यांतली धीट आणि सावध तेवढी निवडून त्याने त्यांची वीण घेतली. कोणतं कशाशी मिसळलं, याची नोंद मागे ठेवली नाही. तो 1894 मध्ये वारला आणि या जातीत नेमकं काय काय उतरलं आहे, याबद्दल जाणकारांत आजही वाद आहेत. शुद्धतेचा नमुना म्हणून आमच्या सभेत मिरवलेल्या कुत्र्याच्या मुळाशी नोंद नसलेला संकर आहे. संकर हा कलंक असेल, तर तो आधी डॉबरमनला लावा, मग आमच्या गेटवरच्या काळीला.

रॉटवायलरची कथा याहून बोलकी आहे. रॉटवाइल हे नैर्ऋत्य जर्मनीतलं जुनं बाजाराचं गाव. तिथले खाटीक आणि गुरांचे व्यापारी ही कुत्री बाळगायचे. काम काय, तर गुरांचा कळप बाजारापर्यंत हाकत न्यायचा, अडेल बैलाला अंगाच्या धक्क्याने पुढे रेटायचं आणि परतताना मांसाची गाडी ओढायची. रुंद छाती, जड मान, आखूड भक्कम पाय हे सगळं त्या कामाने घडवलं. मग रेल्वे आली, गुरं डब्यांतून जाऊ लागली आणि हे कुत्रं बेकार झालं. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते जवळजवळ नाहीसं व्हायला आलं होतं. 1910 च्या सुमारास पोलिसांनी त्याला कामावर घेतलं म्हणून ते टिकलं. रक्त तेच होतं ना? मग काम जाताच ते विझत का चाललं?

जर्मन शेफर्डचं तर नावच धनगराचं. माक्स फॉन श्टेफानित्स या माजी घोडदळ अधिकाऱ्याने 1899 मध्ये एका प्रदर्शनात मेंढ्यांमागचं एक कुत्रं पाहिलं, विकत घेतलं, त्याचं नाव होरांड ठेवलं. त्याच्यापासून या जातीची नोंद सुरू होते. या कुत्र्याने दिवसभर शेताच्या बांधाने ये-जा करायची, मेंढीचं तोंड पिकात जाऊ द्यायचं नाही. आपण ज्याला राखणदारी म्हणतो, ती या चालत्या कुंपणातून आली आहे. मेंढपाळी आटू लागली तेव्हा श्टेफानित्सनेच त्याला पोलिसांत आणि सैन्यात नेलं, कारण बिनकामाचं कुत्रं बिघडतं हे त्याला कळत होतं. बेल्जियमच्या मालिन गावचं मॅलिनॉइज आज आपल्या निमलष्करी दलांत आहे. तेही मूळचं मेंढरांमागचंच. त्याच्यामागे रोज प्रशिक्षक असतो, सराव असतो. आमच्या गच्चीवर काय असणार होतं? पाण्याची टाकी आणि साखळी.

जात म्हणजे एका ठिकाणच्या एका कामाचा शरीरावर उमटलेला ठसा. ते काम आणि ते ठिकाण काढून घेतलंत की हाती उरतं पन्नास किलोचं, ताकदवान, कंटाळलेलं जनावर. मे 2025 मध्ये अहमदाबादेत एका पाळीव रॉटवायलरने चार महिन्यांच्या मुलीचा जीव घेतला. ती बातमी वाचून मला झोप लागली नव्हती. आणि सभेतले बहुतेक लोक मुलाबाळांचे आहेत!

मोठं कुत्रं म्हणजे चांगला राखणदार, हा मुद्दा उत्तराच्याही लायकीचा नाही. सुरतेच्या उकाड्याबद्दल मात्र बोलायला हवं, कारण हा धडा या शहराच्या दारात चारशे वर्षांपूर्वी गिरवून झाला आहे. जहांगीर बादशहाला नजर करायला इंग्रजांनी मॅस्टिफ जातीची कुत्री जहाजांवर चढवली. इंग्रजांचा राजदूत टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी लिहून गेला आहे की बहुतेक वाटेतच मेली, दोनच बादशहापर्यंत पोहोचली. बादशहाने त्यांना पालख्या दिल्या, माश्या वारायला नोकर दिले. इंग्रजांची जहाजं लागायची ती आपल्या सुवाळीच्या किनाऱ्याला. आज शहरातल्या वेसू भागातल्या सोसायट्यांमधून मी हस्की बघतो. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरच्या गाडीसाठी जोपासलेलं, दुहेरी लोकरीचं ते कुत्रं एप्रिलच्या दुपारी लिफ्टसमोरच्या फरशीला पोट लावून धापा टाकत असतं. त्याला बादशहाचा नोकर नाही, पालखी नाही. मला ते बघवत नाही.

रॉटवायलर हा जन्मजात खुनी असतो, असंही मी म्हणत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पत्राने त्याच्यासह 23 जातींवर बंदी घालायला सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. जातीची पूजा करणारे आणि जातीला फाशी देणारे एकच चूक करतात. दोघेही साखळीचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते बघत नाहीत.

रक्तावरूनच झालेला एक जुना वाद इथे आठवतो. काही वर्षांपूर्वी मी कारवानी कुत्र्याची बाजू घेतली, तेव्हा एका विद्वानांनी मला झटकलं, की ते इराणकडून काफिल्यांबरोबर आलेलं, त्यात आपलं काय? मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला वाईट वाटतं. आलं असेल काफिल्यांबरोबर. पण शतकानुशतकं दख्खनच्या माळावर सशामागे धावलं, मुधोळच्या घोरपड्यांनी ते निगुतीने वाढवलं, 2005 मध्ये ते टपालाच्या तिकिटावर आलं, मेरठच्या लष्करी केंद्रात त्याला शिकवून बघितलं. आणखी किती पिढ्यांनी ते आपलं होणार? तरी गच्चीसाठी मी कारवानीही सुचवणार नाही. त्याला पळायला माळ लागतो.

मग मी काय सुचवतो? माझा मामा साक्री तालुक्यातला. दिवाळीनंतर ठेलारी मेंढपाळ त्याच्या शेतात मेंढ्या बसवायचे. रात्री कुत्री वाड्याभोवती पडलेली असायची, लांडग्याची चाहूल लागताच एकदम उठायची. त्यांना जातीचं नाव नव्हतं. पिल्लू असल्यापासून ती मेंढ्यांत वाढलेली, म्हणून मेंढ्या त्यांच्या. राखणदाराला लागतं ते एवढंच : आपलं कोण, परकं कोण हे ओळखणं आणि वेळेवर ओरडणं. आमच्या गेटवरची तिन्ही हे करतात. दूधवाला येतो तेव्हा शेपूट हलते, अनोळखी माणूस आला की कान उभे राहतात. त्यांना निर्बीज करा, रेबीजची लस द्या, ठरल्या वेळी ठरल्या जागी खायला घाला. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे 2023 चे नियमही गल्लीतलं कुत्रं निर्बीज करून पुन्हा त्याच जागी सोडायलाच सांगतात. पिल्लाच्या वर्गणीत हे सगळं होऊन पैसे उरतील, त्यातून पार्किंगचा बंद पडलेला दिवा लावता येईल.

ही कुत्री असताना चोरी झालीच कशी, असं त्या गृहस्थांनी मला विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. म्हणून मला मिळालेल्या दोन मिनिटांत मी सभेला एकच गोष्ट विचारली : त्या रात्री दोनच्या सुमाराला कुत्री भुंकत होती, कोणाकोणाला ऐकू आलं? अकरा हात वर झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी सांगितलं, की झोपमोड झाली म्हणून त्यांनी खिडकीतून बादलीभर पाणी ओतून त्यांना हाकललं होतं. खाली कुणी उतरलं नव्हतं.