बारावीनंतर परदेशी शिक्षण : सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी



बारावीचा निकाल लागला की अलीकडे आपल्या घरांतून एक विषय हमखास निघतो : "पोराला शिकायला बाहेर धाडायचं म्हणतो." बाहेर म्हणजे पुणे-मुंबई नव्हे, परदेश. ही इच्छा चांगलीच आहे. मुलगी असो वा मुलगा, ज्याला डोकं आहे त्याने जरूर जावे. पण ती पुरी करण्याची जी रीत पडत चालली आहे, ती काही बरी नव्हे. तालुक्याच्या गावी कोणी एजंट भेटतो, रंगीत कागद दाखवतो, "सरकारी स्कॉलरशिप करून देतो" म्हणतो आणि आधी फी मागतो. मग बँकेचे हेलपाटे, आणि शेवटी सातबाऱ्यावर बोजा.

माझे म्हणणे एवढेच, की सरकारी शिष्यवृत्ती ही कोणी करून देण्याची वस्तू नाही. ती कोणाची, कोणत्या शिक्षणासाठी आणि तिचा अर्ज कधी, एवढे तीन प्रश्न विचारले की निम्मी फसवणूक जागेवर थांबते.

पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्या राज्य सरकारच्या बहुतेक परदेश शिष्यवृत्त्या बारावीनंतरच्या पदवीसाठी नाहीत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी'ची आहे, इतर मागास व खुल्या प्रवर्गासाठीही योजना आहेत. या सगळ्या पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही तशीच. तिच्यात अनुसूचित जातींबरोबर भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांचाही समावेश आहे. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्यांपैकी ज्यांना जमीन नाही, त्यांच्या पोरांना हे कोणी सांगितले आहे काय? तेव्हा बारावीच्या पोरासाठी "महाराष्ट्र सरकारची परदेशी स्कॉलरशिप" म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग बारावीनंतर दार अगदीच बंद आहे का? नाही. पण ते दुसऱ्या देशांच्या सरकारांचे आहे आणि अरुंद आहे. जपानचेच घ्या. जपान सरकार परदेशी विद्यार्थ्यांना १९५४ पासून शिष्यवृत्ती देत आले आहे. पदवीसाठी निवड झाली तर विद्यापीठाची फी माफ, जाण्यायेण्याचे विमानभाडे, आणि खर्चाला दरमहा १ लाख १७ हजार येन मिळतात. मुदत पाच वर्षांची. त्यातले पहिले वर्ष जपानी भाषा शिकण्याचे, कारण पुढचे शिक्षण त्याच भाषेत घ्यायचे असते. अर्ज थेट जपानच्या वकिलातीकडे करायचा, मुंबईतही त्यांचे कार्यालय आहे. मधे दलालाचे काहीच काम नाही. जागा मात्र फार थोड्या. हंगेरी सरकारचीही २०१३ पासून अशी योजना आहे. तिच्यात फी माफ असते, पण विद्यावेतन तुटपुंजे आणि विमानभाडे आपले. हा हिशेब आधी मांडलेला बरा.

आता तिसरा प्रश्न, वेळेचा. अडसाली लागण दीड वर्षाने तुटते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. या अर्जाचेही तसेच आहे. जपानचे अर्ज साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस निघतात, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत, आणि प्रत्यक्ष जाणे पुढच्या वर्षीच्या एप्रिलात. विज्ञान शाखेला जाणाऱ्याला गणित, रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्र, इंग्रजी आणि जपानी असे पेपर असतात. मागच्या प्रश्नपत्रिका फुकट बघायला मिळतात. म्हणजे तयारी अकरावीच्या पावसाळ्यात धरायची. निकालानंतर धावाधाव करून हाती काही लागत नाही. आणि अर्ज केला म्हणून इथला प्रवेश सोडू नये. निवड झाली नाही तर वर्ष फुकट जाता कामा नये.

कोणी म्हणेल, "ही शहरातल्या पोरांची कामं, आपल्या पोरांना झेपायची नाहीत." मला हे पटत नाही. आपल्या पोरांना गणित येते. त्यांना खबर उशिरा लागते, एवढेच. आणि बारावीनंतर जमले नाही तरी वाट संपत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले ते मुंबईची बी.ए. पदवी हातात घेऊन, आणि सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आधी इथे चांगली पदवी, मग सरकारी शिष्यवृत्तीवर परदेश, हा रस्ता आपल्या बहुतेक घरांना जास्त सोयीचा आहे. फक्त या योजनांना नामांकित विद्यापीठातलाच प्रवेश चालतो. एजंटने सुचवलेले कोणतेही कॉलेज चालत नाही.

संचालक मंडळाला माझी एक सूचना आहे. तोडणीचा कार्यक्रम जसा गट ऑफिसच्या फळ्यावर लागतो, तशा या शिष्यवृत्त्यांच्या तारखाही लागाव्यात. स्लिपबॉय गावोगाव फिरतोच, त्याच्या हाती एक पत्रक द्यावे. वर्षातून एक दिवस अकरावीच्या मुलामुलींना आणि पालकांना बोलावून एखाद्या जाणत्या प्राध्यापकाकडून माहिती द्यावी. एका गाडी उसाच्या बिलाइतकाही खर्च येणार नाही. एकेकट्याला न जमणारे दहाजणांनी मिळून करायचे, याच तत्त्वावर हा कारखाना उभा राहिला. पोरांच्या शिक्षणाची खबरबातही त्याच तत्त्वावर घरोघर पोचली पाहिजे. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी तरी मांडावा, आणि तोवर एजंटच्या कागदावर कोणीही सही करू नये, ही सर्वांना विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद