शिट्टी कायद्याची, राज्य मर्जीचे



कापूस ट्रॉलीत भरून जिनिंगच्या वाटेला लागलो की फाट्यावर शिट्टी वाजते. कागद बरोबर निघाले की बोट ट्रॉलीकडे जाते, "माल बाहेर आलाय." आलाच आहे. कापूस हलका आणि फुगीर. कडब्याच्या पेंढ्या तर फाळक्याबाहेर आल्याशिवाय ट्रॉली भरतच नाही. वजन थोडे, पण डोळ्याला डोंगर दिसतो.

आता कायदा पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. माल गाडीच्या बाजूंबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, वर माल उतरवण्याचा खर्च. जादा वजनाचा मूळ दंड २,००० होता, तोही २०,००० झाला. दंड दहापट! कापसाचा भाव कोणत्या सरकारने दहापट केला?

खरी गोम इथेच आहे. पुस्तकातला दंड जितका मोठा, तितका 'सोडून देण्याचा' भाव मोठा. शिपाई समज देऊ शकतो, चलन करू शकतो, काणाडोळाही करू शकतो. रात्री वाळूचे टिपर जातात तेव्हा शिट्टी मुकी असते. सकाळी कापसाची ट्रॉली दिसली की तिला कंठ फुटतो. शिपायाशी आमचे वैर नाही, तोही बहुधा शेतकऱ्याचाच पोर. वैर आहे ते मर्जीच्या राज्याशी. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली तेव्हा कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरला आणि नाक्यावरचा माणूस आमच्या मालाचा मालक झाला. तो नाका गेला. त्याची सवय फाट्यावर उभी आहे.

एक गोष्ट स्वतःलाही सांगू. मागे लाल दिवा नसलेली, परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी करणे म्हणजे माणूस मारणे. तिला धडकून मरणारा दुचाकीस्वार आपल्याच गावचा असतो. तिथे सूट आम्ही मागत नाही.

आमची मागणी दयेची नाही, नियमाची आहे :

१. विशिष्ट मालासाठी लेखी आदेशाने सूट देण्याची सोय याच कलमात आहे. ती वापरून कापूस व कडबा यांच्यासाठी मर्यादा ठरवा आणि हंगामापूर्वी जाहीर करा.

२. कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम शासन ठरवते, शिपाई नाही. ते दरपत्रक बाजार समितीत आणि प्रत्येक फाट्यावर मराठीत लावा.

आणि आपण काय करायचे? पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. डिजिलॉकरमधले कागद कायद्याने चालतात, ते दाखवायचे. तडजोड मान्य नसेल तर कोर्टात जाण्याचा हक्क आहे. एकट्याला ते जड जाते, म्हणून गावाने मिळून जायचे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने चलनाच्या पावत्या आणाव्यात. ज्यांना पावती मिळालीच नाही त्यांनी तारीख, वेळ आणि फाटा लिहून आणावा. त्या कागदांची चळत घेऊनच आपण जिल्ह्याच्या साहेबांपुढे बसू.