अंधाऱ्या खोलीतला काळा रंग

विषय साहित्याचा नाही, हे आधीच मान्य करतो. तरीही तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहोत. कारण ‘पाहणे’ या क्रियेविषयी वर्गात आम्ही जे बोलत आलो, त्याची परीक्षा आमच्याच घरात झाली आणि तीत आम्ही नापास झालो.

आमचे घर जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत. आम्ही दोघेही कोल्हापुरात मराठी शिकवतो. सकाळी डोंगर उतरतो, संध्याकाळी चढतो. आबांना आता देवळाच्या पायऱ्याही झेपत नाहीत. त्यांचा सगळा दिवस माजघरालगतच्या खोलीत जातो. त्या खोलीला खिडकी नाही. दुपारी बारा वाजताही तेथे दिवा लावावा लागतो. सोबतीला एक टीव्ही होता. तो लावला की अर्ध्या तासात आबा म्हणत, “बंद करा ते, लई लखलखतंय.” वयोमानाने त्यांचे मन उडाले असावे, असा निष्कर्ष आम्ही काढला. संहिता न वाचताच केलेली समीक्षा म्हणतात ती हीच.

परतीच्या पावसात वीज कोसळली आणि तो टीव्ही जळाला. तत्पूर्वी एका रात्री आम्ही आबांच्या अंथरुणावर पडून तासभर पाहिले होते, तेव्हा उलगडा झाला. पडद्यावर जिथे काळे असायला हवे होते तिथे धुरकट राखाडी होते आणि उरलेले सगळे डोळ्यांत टोचत होते. दुकानातल्या झगझगाटात ज्याची भुरळ पडली होती, तीच चकाकी अंधारात असह्य झाली होती.

आमचे मत असे की, अंधाऱ्या खोलीसाठी टीव्ही निवडताना तो किती उजळ दिसतो याआधी तो किती काळा होऊ शकतो हे पाहावे. नेहमीच्या एलसीडी टीव्हीत पडद्यामागे सतत दिवे जळत असतात. काळा रंग दाखवायचा तर तो उजेड अडवावा लागतो. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साधारण हजारास एक असते, व्हीए पॅनेलमध्ये ते तीन हजारांच्या पुढे जाते. व्हीएचा दोष एवढाच, की बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. पण एकच माणूस समोर पडून पाहणार असेल, तर तो दोष आड येत नाही. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो नि स्वतः विझतो, त्यामुळे तिथला काळा खरोखर काळा. मात्र आमच्या पंचवीस हजारांत तो बसणारा नव्हता, म्हणून त्याचा मोह आवरला.

खोक्यावर पॅनेलची जात बहुधा लिहिलेली नसते. म्हणून पेनड्राइव्हवर एक संपूर्ण काळे चित्र नेले. दुकानदाराला ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘सिनेमा’ लावायला सांगितले आणि शक्य तेवढे दिवे मालवायची विनंती केली. तो हसला, पण त्याने ऐकले. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन टीव्हींतला फरक मिनिटभरात कळला. सहा फुटांवरून पाहण्यासाठी ४३ इंच आम्हाला योग्य वाटले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वीस हजारांच्या मूळ किमतीवर त्याने दोन हजार वाचतात. त्यातल्या थोड्या पैशांत टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा दिवा लावला. त्याने डोळ्यांवरचा ताण उतरतो आणि काळाही अधिक गडद भासतो.

हे सारे करताना वारंवार बाबूराव पेंटर आठवत होते. १९२५ साली याच कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. अंधारात बुडालेली झोपडी आणि ओरडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य चित्रपटाचे अभ्यासक अजून सांगतात. चित्रपट मुका, तरी शेतकऱ्याची दैना त्या काळोखातून बोलली. चित्रकाराची नजर असलेल्या या माणसाला ठाऊक होते, की अंधार म्हणजे उजेडाचा अभाव एवढेच नव्हे, तोही आशय असतो. ‘तुंबाड’ (२०१८) सारखा कंदिलाच्या उजेडात घडणारा चित्रपट राखाडी पडद्यावर पाहणे म्हणजे कवितेतल्या ओळींमधली मोकळी जागा खोडून वाचणे होय.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसाच्या टीव्हीसाठी एवढा खल कशाला? बातम्या आणि कीर्तन तर पाहायचे! आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. ज्याला उंबरठ्याबाहेरचे जग आता त्या चौकटीतूनच दिसणार आहे, त्याच्यासाठी तर अधिक काळजीने निवडायला हवे. आम्ही मात्र पहिला टीव्ही स्वतःच्या डोळ्यांनी निवडला आणि दोष आबांच्या मनाला दिला.

आता आबा रात्री दहापर्यंत पाहतात. चैत्रातल्या यात्रेच्या सासनकाठ्या त्यांना याच पडद्यावर पाहायच्या आहेत. तेव्हा गुलाल गुलालासारखा दिसतो की नाही, याचा निकाल तेच देतील. आम्ही यंदा मत राखून ठेवले आहे.