एक चाक फिरतं, दुसरं बघतं

मोटारीचं वेड लागलेल्या माणसाचा पैसा कोणत्या वाटेने जातो, याचा क्रम ठरलेला आहे. पहिला पैसा सायलेन्सरला, कारण शेजाऱ्यांना ऐकू यायला हवं. दुसरा रुंद चाकांना, कारण शेजाऱ्यांना दिसायला हवं. तिसरा इंजिनच्या संगणकाची पोथी बदलून घ्यायला. याला रीमॅप म्हणतात. त्याने इंजिनचा जोर वाढतो, आणि तो किती वाढला हे चारचौघांत सांगता येतं. चौथा पैसा बहुधा उरतच नाही. उरला, तरी तो डिफरन्शियलवर घाल असं सांगणारा भेटत नाही. बिचारं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात तेलात बुडून बसलेलं. दिसत नाही, वाजत नाही, फोटोला उभं राहत नाही. ज्याचा फोटो निघत नाही त्याच्यावर खर्च करायचा म्हणजे गुप्तदानच की!

आमचं म्हणणं असं, की पुढच्या चाकांनी ओढली जाणारी जोरदार गाडी असेल तर हा क्रम उलटा हवा. जोर वाढवण्याआधी जोराची वाटणी सुधारा. आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर त्यासाठी घ्यायचं डिफरन्शियल हेलिकल म्हणजे नुसत्या गिअरांचं घ्या. चकत्यांचं नको. एवढं बोललं की भांडण सुरू होतं, म्हणून आधी पाया घालून घेऊ.

कवायतीत रांग वळते तेव्हा टोकाचा शिपाई धावत असतो आणि आतला जागच्या जागी पाय आपटत असतो. मोटारीच्या चाकांचंही तसंच. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एका पुऱ्या वर्तुळात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ९ मीटर ४० सेंटिमीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर टायर घासत, फरफटत जाणार. यावर फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. दोन्ही चाकांना ताकद पोचते, आणि ज्याला जास्त धावायचंय त्याला धावता येतं.

आता एक गैरसमज. गॅरेजमधले पंडित सांगतात, की साधं डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकतं. साफ खोटं! ते काट्यावर तोलल्यासारखी समान वाटणी करतं, आणि घोटाळा तिथेच आहे. समजा, आतल्या चाकाखाली ओला रस्ता आहे. ते १०० किलोचा जोर पेलतं आणि त्यापुढे घसरतं. बाहेरचं चाक ३०० किलो पेलू शकतं. पण वाटणी समान. आतल्याला शंभराच्या वर पचत नाही, म्हणून बाहेरच्यालाही शंभरच. एकूण २००. म्हणजे घरात धाकट्याचं पोट बिघडलं म्हणून थोरल्याच्या ताटातही पेजच वाढायची! धाकटा पोट धरून गडाबडा लोळतोय, थोरला उपाशीपोटी बघत बसलाय, आणि इंजिन स्वयंपाकघरातून ओरडतंय, "अरे, वाढलंय, जेवा की!"

पुढच्या चाकांच्या गाडीत हे दुखणं सगळ्यांत वाईट. ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे जातो आणि पुढची चाकं हलकी होतात. वळण घेतलं की भार बाहेर जातो, आतलं चाक आणखी हलकं. आणि ह्याच दोन चाकांनी गाडी ओढायची, वळवायची, शिवाय थांबवण्याचं मोठं कामही त्यांनीच करायचं.

हे पुराण आम्ही का लावलं, तर आमचा एक भाचा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला नोकरी करतो. त्याने तिथे जुन्या बाजारातून फोर्ड फिएस्टा एसटी घेतली, २०१३ ते २०१७ या काळात विकली गेलेली, १८२ अश्वशक्तीची. हौशी लोकांची लाडकी गाडी. रविवारी फोनवर म्हणाला, "मामा, पावसात आडव्या गल्लीतून हमरस्त्यावर डावीकडे निघालो की आतलं चाक नुसतं सुर्र फिरतं. मग संगणक घाबरून इंजिनचा गळा दाबतो. गाडी अर्धी रस्त्यात, आणि उजवीकडून लॉरी!"

"मग काय करणार आहेस?"

"रीमॅप करतोय."

लॉरीसमोर न हलणाऱ्या गाडीला आणखी जोर द्यायचा, म्हणजे ताटातलंच संपत नसलेल्याला आग्रहाने आणखी दोन पोळ्या वाढायच्या. चाक पूर्वी सुर्र फिरायचं, आता भुर्र फिरेल. लॉरी आहे तिथूनच येईल. हा मुलगा इंजिनिअर आहे हे इथे मुद्दाम नमूद करतो.

त्याचे मित्रही काही कमी नाहीत. पहिला मित्र म्हणतो, डिफरन्शियलची गरजच नाही, ब्रेकचा संगणक ते काम करतोच. त्या फिएस्टात अशी व्यवस्था आहे, हे खरं. आतलं चाक उधळलं की संगणक त्याचा ब्रेक हलकेच दाबतो; त्यामुळे दुसऱ्या चाकाला थोडा जास्त जोर मिळतो. जुन्या मास्तरांची पद्धत हीच. मागच्या बाकावरचा पोरगा दंगा करतोय ना? त्याच्या हातावर पट्टी मारा, म्हणजे पहिल्या बाकावरच्याचा अभ्यास होतो. होतो, नाही असं नाही. पण इंजिनने कष्टाने केलेली ताकद ब्रेकमध्ये उष्णता करून फुकायची, आणि तेही चाक उधळल्यावर! वळणामागून वळण आलं की मास्तरांचा हातही तापतो.

बरं, आमचं ऐकू नका, कारखान्यांचं ऐका. फोक्सवॅगनने २००९च्या गोल्फ जीटीआयमध्ये हीच ब्रेकची युक्ती दिली होती. पुढच्या पिढीत परफॉर्मन्स पॅकवाल्या गाडीला मात्र संगणकाच्या हुकमावर दाबल्या जाणाऱ्या चकत्यांचं खरंखुरं कुलूप बसवलं. आपल्याकडे २०२५ साली आलेल्या गोल्फ जीटीआयमध्येही ते आहे. खुद्द फोर्डने २००२च्या फोकस आरएसला इंग्लंडच्या क्वाइफ कंपनीचं गिअरवालं डिफरन्शियल बसवलं, आणि २०१८च्या नव्या फिएस्टा एसटीला तेच जादा पैसे भरून मिळण्याची सोय केली. होंडाने तर १९९७च्या पहिल्या सिव्हिक टाइप आरमध्येच हेलिकल घातलं होतं. पट्टीने भागलं असतं, तर पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या ह्या मंडळींनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

दुसरा मित्र जास्त धोकादायक, कारण त्याला थोडं कळतं. तो म्हणतो, "घ्यायचंच तर रेसिंगचं घे, चकत्यांचं!" चकत्यांचं डिफरन्शियल म्हणजे एकमेकींवर दाबून बसवलेल्या घर्षणाच्या चकत्यांची चळत. जोर आला की त्या आणखी आवळल्या जातात आणि दोन्ही चाकं जवळजवळ एक होतात. एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. स्पर्धेत, जिथे कडेच्या उंचवट्यावरून गाडी तीन चाकांवर जाते, तिथे याला तोड नाही. त्यात नुसतं गती वाढवताना आवळणारं, कमी करतानाही पुरतं आवळणारं, आणि मधलं दीडकं असे प्रकार आहेत. रेसवाल्याने ते हवे तसे लावून घ्यावेत. त्याचा तो धर्मच आहे.

पण आमच्या भाच्याला रोज सकाळी कचेरीत जायचंय! गाडी उभी करताना स्टिअरिंग पुरतं वळवलं की चकत्या कटकट, कटकट बोलतात. उतरत्या कडेच्या रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. चकत्या झिजतात, आणि झिजल्या की सगळं पुन्हा उघडायचं. वर आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. अशा आडव्या इंजिनच्या गाडीत डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच तेलात नांदतात. चकत्यांचा कीस त्याच तेलात, आणि चकत्यांना मानवणारं तेल गिअरच्या सिंक्रोंना मानवेलच असं नाही. सासूला सोसेल आणि सुनेलाही आवडेल असं तिखट शोधत बसा! तेल वारंवार बदलायचं ते वेगळंच. भाजी आणायला जाताना कोणी चिलखत घालत नाही. घातलंच तर भाजीवालाही भाव वाढवतो.

एक तिसराही आहे, तो म्हणतो आतले गिअर वेल्ड करून टाक, स्वस्तात काम. पुढच्या चाकांच्या गाडीत हे केलं की गाडीला सरळच जावंसं वाटतं. रस्ता वळला, तो त्याचा प्रश्न. ह्या मित्राच्या घरी चहालासुद्धा जाऊ नये.

उरलं आमचं हेलिकल. जोराच्या फरकावर चालणाऱ्या ह्या जातीचं पेटंट १९५८ साली अमेरिकेत व्हर्नन ग्लीसमनने मिळवलं. टॉर्सेन हे नाव त्याच घराण्यातलं. ह्यात चकत्यांची चळत नाही. तिरप्या दातांचे गिअर जोर आला की कवचाच्या भिंतीवर रेलतात, आणि त्या घर्षणाने घट्ट पाय रोवलेल्या चाकाला जास्त वाटा मिळतो. दोनास एक असं प्रमाण धरा. मघाचं आतलं चाक १०० पेलतं, तर बाहेरच्याला २०० मिळतात. एकूण ३००. साध्याच्या दीडपट, तेही इंजिनला हात न लावता. जोर नसला की मोकळं, म्हणून गाडी उभी करताना कटकट नाही. गिअरबॉक्सचंच तेल चालतं. सहसा आयुष्यभर उघडावं लागत नाही.

त्याची खोटही सांगतो, नाहीतर आम्ही दलाल ठरू. शून्याची दुप्पट शून्यच. एक चाक हवेत गेलं की नुसत्या गिअरांचं हेलिकल साध्यासारखंच हात वर करतं. अशा वेळी ब्रेकला हलका पाय लावला तर थोडी मदत होते, आणि तो ब्रेकवाला मास्तर इथे सहायक म्हणून बरा. पण ज्याचं चाक रोज कचेरीला जाताना हवेत जातं, त्याला डिफरन्शियलपेक्षा समुपदेशनाची गरज आहे.

बसवताना मात्र कंजुषी नको. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय हे काम होत नाही, आणि मजुरी बहुतेक त्या उतरवण्या-चढवण्याचीच. तेव्हा एकदा उघडलं की बेअरिंग, ऑइल सील आणि मोठ्या गिअरचे बोल्ट नवे घालावेत. जुनं बेअरिंग वाचवून नवं डिफरन्शियल बसवणं म्हणजे नव्या नवरदेवाला वडिलांची वहाण. आपल्या गिअरबॉक्सचा नेमका नमुना पाहूनच माल मागवावा. आणि त्याहीआधी टायर! पुढची जोडी चांगली, एकाच जातीची, सारखी झिजलेली हवी. डिफरन्शियल असलेली पकड वाटतं, नसलेली आणून देत नाही. वाटणी कितीही चोख झाली, तरी मुळात इस्टेट पाहिजे.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मामा, एवढे पैसे घालून इंजिनचा जोर किती वाढला म्हणून सांगू?"

शून्य, असं सांग. म्हणून तर हे लिहिलं. ज्याची गाडी साधी, इंजिन गरीब आणि पाय हलका, त्याने यातलं काही करू नये. पेकरसाहेबांचं डिफरन्शियल त्याला जन्मभर पुरेल. बाकीच्यांनी आधी टायर, मग डिफरन्शियल, मग ब्रेक, आणि सगळ्यांत शेवटी जोर, हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा. त्यातून काही उरलं, तर सायलेन्सर जरूर बदला. शेजाऱ्यांचंही मन राखलं पाहिजे.