तीनशे दोन आता एकशे तीन!

पावसाळी वीकेंडला माळशेजला निघालात की मुरबाडच्या पुढे अडवणाऱ्या हवालदारांशी हुज्जत घालू नका, त्यांच्या डोक्यात कलमं घोळत असतील. शहापूर असो वा मुरबाड, बंदोबस्त संपवून प्रमोशनच्या परीक्षेला बसायचं, तर १ जुलै २०२४पासून पाठांतरच उलटंपालटं झालंय. १८६०ची आयपीसी गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खून आता १०३. नव्या ३०२मध्ये चक्क धार्मिक भावना दुखावणं! ‘चारसोबीस’ गेली ३१८मध्ये. (शिवी मात्र जुनीच राहणार.) बरं, जुनं विसरायचीही सोय नाही, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला आयपीसीच लागते. आपलं नवं सॉफ्टवेअर अडलं तर हेल्पडेस्क असतो. रात्री दोनला फिर्यादी समोर रडत असताना हे कुणाला फोन लावणार?