घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस कोण?

वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतून, कुर्ला-घाटकोपरच्या वस्त्यांतून आणि सरकारी नोकरीच्या वसाहतींतून आपल्या समाजातील अनेक कुटुंबे गेल्या दोन पिढ्यांत डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ व बदलापूर या बाजूस सरकली आहेत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी, गृहिणीचे चार दागिने आणि मुलाच्या पगारावर काढलेले वीस वर्षांचे कर्ज, एवढी सारी पुंजी अशा वेळी एका कागदावरील सहीवर लावली जाते. ही सही करणारा पुरुष वा स्त्री बहुधा त्या घराण्यातील पहिलीच मालक असते. ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या जमिनीचे व्यवहार झाले, त्यांच्याकडे एखादा वकील काका किंवा सातबारा वाचता येणारा मामा असतो. आपल्या माणसाला काय विचारावे हे सांगणारा वडीलधारा घरात नसतो. म्हणून तो ज्याच्यावर भरवसा ठेवतो, तो दलाल नेमका कोणाचा, हा प्रश्न आम्हाला केवळ व्यवहाराचा वाटत नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

स्टेशनाबाहेर भेटणारा दलाल गोड बोलतो, स्वखर्चाने रिक्षा करतो, नमुन्याचे सजविलेले घर दाखवितो आणि ‘आज टोकन दिले नाही तर उद्या भाव वाढेल’ असे बजावतो. नव्या इमारतीत त्याची दलाली बांधकाम करणारा देतो. जुन्या घराच्या विक्रीत तो बहुधा दोन्ही बाजूंकडून शेकडा एक ते दोन घेतो. जो विकणाऱ्याच्या ताटात जेवतो, तो घेणाऱ्याला भिंतीतील ओल दाखवील काय? अशा माणसावर आम्ही वाईटपणाचा आरोप करीत नाही. त्याचे हित जेथे बांधले आहे तेथे त्याची जीभ वळते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

यावर उपाय म्हणून घेणाऱ्याने स्वतःचा वेगळा मध्यस्थ नेमावा, अशी प्रथा अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत रूढ झाली आहे. ती आपणही स्वीकारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु नुसत्या नावाने काही साधणार नाही. साधा हिशेब पाहा. घराची किंमत 40 लाख व दलाली शेकडा दोन धरली, तर मध्यस्थास 80 हजार मिळतात. त्याने घासाघीस करून किंमत दोन लाखांनी उतरविली, तर आपले दोन लाख वाचतात आणि त्याचे चार हजार बुडतात. म्हणजे आपल्या लाभात त्याची हानी! म्हणून मेहनताना किमतीच्या टक्क्यांत न ठेवता ठरावीक रकमेत ठेवावा, तो लेखी ठरवावा, आणि विकणाऱ्याकडून एक पैही घेणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. व्यवहार मोडण्याचा सल्ला दिला तरी त्याला त्याचा मेहनताना मिळाला पाहिजे. नाहीतर ‘हे घर घेऊ नका’ हे शब्द त्याच्या तोंडून कधीच निघणार नाहीत. अमेरिकेतही 2024 च्या ऑगस्टपासून, घर दाखविण्यापूर्वी मध्यस्थाने घेणाऱ्याशी लेखी करार करावा, असा दंडक तेथील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेला न्यायालयीन तडजोडीमुळे आपल्या सभासदांसाठी घालावा लागला.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. स्थावर संपदेचा 2016 चा कायदा सांगतो की, नोंदणी नसलेल्या मध्यस्थाने नोंदणीकृत प्रकल्पातील घराची विक्री करू नये, खोटी माहिती देऊ नये, आणि नोंदणीच्या वेळी घेणाऱ्यास सारी कागदपत्रे मिळतील असे पाहावे. विक्रीचा करार नोंदविल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बांधकाम करणाऱ्यास मनाई आहे. महाराष्ट्रात 2023 पासून मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक केली गेली. पण हे लक्षात ठेवावे की, जुन्या घराच्या फेरविक्रीत या कायद्याचा आधार फारसा मिळत नाही, आणि आपल्या माणसांची बरीच खरेदी तर तेथेच होते.

शिवाय नुसता नोंदणी क्रमांक म्हणजे सत्य नव्हे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील 65 इमारतींचे प्रकरण आठवावे. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी तयार करून, तिच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाचे नोंदणी प्रमाणपत्र मिळविले गेले. घरे विकली गेली, संसार थाटले गेले, आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी लबाडी केली त्यांच्यापेक्षा ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्याच डोक्यावरील छप्पर धोक्यात आले. खऱ्या अर्थाने घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस असता, तर त्याने परवानगीचा कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ‘ही तुमचीच सही आहे काय?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता. सातबारा व फेरफार, मागील तीस वर्षांचा मालकीचा शोध, दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, एवढे मूळ कार्यालयांतून तपासून आणणे हे त्याचे खरे काम होय. मालकीचा शोध मात्र आपण स्वतः निवडलेल्या वकिलाकडूनच करावा. विकणाऱ्याने पुढे केलेला वकील हा विकणाऱ्याचाच असतो.

बदलत्या उपनगरात आणखी एक धोका असतो. तेथे आजच्या घरापेक्षा उद्याचे स्वप्न विकले जाते. कल्याण-बदलापूर दरम्यान तिसरी व चौथी मार्गिका होणार, रस्ते रुंद होणार, असे सांगून आजच भाव चढविले जातात. रस्ता व रेल्वे येतीलही. परंतु नळाला पाणी किती तास येते आणि मुलांची शाळा किती दूर आहे, हे आज पाहावे लागते. 2019 च्या जुलै महिन्यात उल्हास नदीच्या पुरात बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. त्यापूर्वी 2005 च्या जुलैतही या खोऱ्याने प्रलय पाहिला होता. तळमजल्याचे घर स्वस्त का मिळते, याचे उत्तर कित्येकदा नदीच्या पूररेषेत असते. हे उत्तर विकणाऱ्याचा दलाल देणार नाही. म्हणून घर एकदा भर पावसाळ्यात व एकदा रात्री, दोन्ही वेळा जाऊन पाहावे, आणि तेथे राहणाऱ्या बायाबापड्यांना विचारावे.

आता ज्या गोष्टीविषयी बोलताना आपले सुशिक्षित बांधवही संकोचतात, तिच्याकडे वळू. दलाल प्रथम आडनाव विचारतो. आडनावाने समाधान झाले नाही तर गाव विचारतो. मग ‘ती सोसायटी जरा वेगळ्या लोकांची आहे, तुम्हाला तिकडे बरे वाटणार नाही’ असे सांगून तो आपल्याला त्याच्या मते ‘आपल्या’ ठरलेल्या आळीकडे वळवितो. बाबासाहेबांना 1917 साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. आज तोंडावर कोणी काठी उगारीत नाही, केवळ ‘ते घर कालच गेले’ असे हसून सांगितले जाते. दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही दलित व मुसलमान घरशोधकांना नकार कसा मिळतो हे दाखविले आहे. अमेरिकेतही दलाल काळ्या लोकांस अशाच प्रकारे ठरावीक वस्त्यांकडे वळवीत असत. तेथे 1968 च्या कायद्याने घराच्या व्यवहारातील असा वंशभेद बेकायदा ठरविला.

आपल्याकडेही 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 4 अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा मानते. तो कायदा पुस्तकात निजलेला आहे. त्याला जागे करणे आपल्या हाती आहे. म्हणून आपल्या मध्यस्थास पहिल्याच दिवशी सांगावे: आमच्या ऐपतीत बसणारी सारी घरे दाखवा. कोठे राहणे आम्हाला बरे वाटेल, हे आम्ही ठरवू. ज्याला हे मान्य नसेल, त्याला तेथूनच निरोप द्यावा.

काही वाचक म्हणतील, घराला पैसे पुरत नाहीत, तेथे मध्यस्थाला व वकिलाला कोठून द्यावे? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एकट्याने शोधू नये. एकाच इमारतीत वा एकाच भागात घर पाहणारी दहा कुटुंबे एकत्र आली, तर एका वकिलाचा व एका मध्यस्थाचा खर्च दहांत विभागला जाईल. ज्याने पूर्वी घर घेतले, त्याने आपली कागदांची पिशवी नव्या घेणाऱ्यापुढे उघडावी आणि आपण कोठे फसलो हेही लाज न बाळगता सांगावे. आपल्या वस्तीतील वकील तरुणांनी महिन्यातून एक रविवार या कामास दिला, तर किती संसार वाचतील!

टोकन देण्यापूर्वी समोरच्या मध्यस्थास एवढेच विचारावे: ‘तुम्हाला पैसे कोण देतो?’ उत्तर अडखळले, तर पाकीट खिशातच राहू द्यावे.