पोटाची कथा आणि श्रद्धेची कथा

‘लाइफ ऑफ पाय’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१२ मध्ये भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा मराठवाड्यात दुष्काळ पडला होता. १९७२ नंतरचा सर्वांत भीषण दुष्काळ अशी त्याची पुढे गणना झाली. पैठणचा नाथसागर आटत चालला होता, खेडोपाडी टँकरची वाट पाहिली जात होती आणि पुढच्या काही महिन्यांत जनावरांसाठी चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. त्याच दिवसांत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपण डोळ्यांवर काळे चष्मे चढवून पॅसिफिक महासागर पाहत बसलो होतो. आगमनकाळ तोंडावर आला होता. मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात जो तो त्या चित्रपटाविषयीच बोलत होता. बाहेरच्या दुष्काळाची आणि पडद्यावरच्या उपासमारीची सांगड मात्र कोणी घातली नाही. प्रस्तुत लेखकानेही घातली नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

त्या चर्चेला आता बरीच वर्षे लोटली. चित्रपट आता दूरदर्शन संचावर घरोघर पाहिला जातो आणि तेच अभिप्राय पुन्हा ऐकू येतात. ते अभिप्राय चुकीच्या वाटेने जातात आणि त्या वाटेने गेल्यामुळे आपण आपल्याच पूर्वजांवर अन्याय करतो, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. यान मार्टेल यांच्या २००१ सालच्या कादंबरीवरून अँग ली यांनी हा चित्रपट केला. पाँडिचेरीतील एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा पाय हा जन्माने हिंदू. तो मुन्नारच्या चर्चमध्ये ख्रिस्ताला भेटतो आणि पुढे मशिदीत नमाजही पढतो. कुटुंब प्राण्यांसह जहाजाने कॅनडाला निघते, जहाज बुडते आणि हा मुलगा एका वाघासह जीवरक्षक होडीत २२७ दिवस तग धरतो. अखेरीस जहाज कंपनीचे जपानी अधिकारी त्याला वाघाची कथा सोडून विश्वास बसेल असे काही सांगायला लावतात. तेव्हा तो दुसरी कथा सांगतो. तीत प्राणी नाहीत. माणसेच आहेत, आणि भुकेने माणसाने माणसाचे काय केले ते आहे. यांतली कोणती कथा अधिक आवडली, असे पुढे तो एका लेखकाला विचारतो. लेखक वाघाची कथा निवडतो, आणि देवाच्या बाबतीतही असेच असते, असे पाय सुचवतो.

आपल्या मंडळींचे अभिप्राय साधारण चार प्रकारचे होते.

पहिला अभिप्राय युवकांचा. काय तो समुद्र, काय तो वाघ, काय ती रात्रीची चमकणारी लाट! यात खोटे काही नाही. दिग्दर्शन, छायाचित्रण, दृश्य-परिणाम आणि संगीत यांसाठी चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. परंतु त्या वाघाला बहुतांशी संगणकावर घडवणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या कंपनीने ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला. अनेक कलावंतांच्या नोकऱ्या गेल्या. आत पुरस्कार दिले जात असताना बाहेर रस्त्यावर त्यांच्या व्यवसायबंधूंची निदर्शने चालली होती. जगाला उपासमारीचे सुंदर चित्र दाखवणाऱ्यांच्याच भाकरीवर गदा आली. नुसते डोळे दिपवून घेणाऱ्या प्रेक्षकाला हे दिसत नाही.

दुसरा अभिप्राय धर्मनिष्ठ मंडळींचा. एकाच वेळी तीन धर्म पाळणे ही खिचडी आहे, ती आपल्या मुलांना दाखवू नये, असे त्यांचे म्हणणे. ही काळजी मी थट्टेवारी नेणार नाही. तीन उंबरठ्यांवर उभा राहणारा एकाही घरात राहत नाही, हे खरे. पण १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केल्यानंतर, एका बारा वर्षांच्या मुलाच्या देवभोळेपणाला इतके घाबरण्याचे कारण काय? शिवाय होडीत बसल्यावर तिन्ही धर्मांचा वाद मागे पडतो. पुढे उरते ती फक्त भूक.

तिसरा अभिप्राय भाविकांचा. हा चित्रपट पाहून देवावर श्रद्धा बसते, असे ते म्हणतात. चौथा संशयी सुशिक्षितांचा. दुसरी, भेसूर कथाच खरी. वाघाची कथा हे मनाचे सांत्वन आणि धर्म म्हणजे तसलेच सुंदर पांघरूण, असे ते सांगतात. हे दोन पक्ष एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण दोघांचाही पाया एकच आहे. कथा दोन आहेत, एक श्रद्धेची आणि एक पोटाची, आणि त्यांतली एकच खरी असू शकते, असे दोघेही धरून चालतात. माझा आक्षेप नेमका या गृहीतावर आहे. चित्रपटाच्या शेवटावरही आहे, कारण तो शेवटच या निवडीकडे आपल्याला ढकलतो.

ही निवड आपल्याला नवी नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसासमोर ती तीन-चार पिढ्या मांडली गेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संत फ्रान्सिस द सेल्सचे मिशनरी वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे आले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. ज्यांच्यात ते राहिले ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे लोक. त्याच दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ दख्खनवर कोसळले. दुसरा तर विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पन्या’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. त्या काळात मिशनच्या अंगणात धान्यही होते, औषधही होते आणि प्रार्थनाही होती. पुढे त्या रोपट्याचा विस्तार होत गेला आणि १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

या इतिहासाच्या आजही दोन कथा सांगितल्या जातात. गावच्या चावडीवरची कथा अशी की, हे लोक पोटासाठी बाटले. आपल्या जयंत्या-महोत्सवांच्या स्मरणिकांतली कथा अशी की, आपल्या पूर्वजांना सत्याचा प्रकाश दिसला आणि ते ख्रिस्ताकडे आले. पहिल्या कथेत श्रद्धा नाही. दुसरीत भूक नाही. कोणतीही स्मरणिका उघडून पाहा. इमारतींची छायाचित्रे आहेत, धर्मगुरूंच्या नामावळ्या आहेत, शाळेच्या निकालांची टक्केवारी आहे. आजोबा कोणत्या वर्षी, किती दिवसांचे उपाशी, कोणाचा हात धरून मिशनच्या दाराशी आले, हे मात्र कुठे नाही. आपल्याला त्याची लाज वाटते. त्या चित्रपटातल्या लेखकाप्रमाणे आपणही अधिक देखणी कथा निवडली आहे.

आपल्या श्रद्धेने मात्र असे निवडायला कधीच सांगितलेले नाही. उधळ्या पुत्राचा दाखला आठवा. तो मुलगा घरी का परतला? बापाच्या प्रेमाचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. डुकरांपुढच्या शेंगासुद्धा मिळेनात आणि बापाच्या घरी चाकरांना पोटभर भाकरी आहे हे आठवले, म्हणून. तो पोटासाठीच परतला. बापाने त्याला दारात उभे करून उलटतपासणी घेतली काय? त्याने धावत जाऊन मिठी मारली आणि जेवणाची तयारी करायला सांगितले. मोशेच्या लोकांना रानात आधी मान्ना मिळाला, दहा आज्ञा त्यानंतर. याइराची मुलगी मरणातून उठली, तेव्हा येशूने तिला काहीतरी खायला द्या असे सांगितले. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी पापांच्या क्षमेच्या आधी येते. आणि आपल्या वेदीवर जे ठेवले जाते, ते तरी काय आहे? भाकरच आहे.

तेव्हा पोटासाठी आले या आरोपावर मान खाली घालण्याचे कारण नाही. हो, उपाशी होते, म्हणूनच आले. आरोप करणाऱ्यांना एवढेच विचारावे की, ते उपाशी होते तेव्हा बाकीचे गाव कुठे होते? गावच्या विहिरीवर त्यांना पाणी का भरू दिले जात नव्हते? आणि केवळ लाभासाठी आलेला माणूस लाभ संपताच परत जातो. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा आजही मिळालेला नाही. नाव बदलले असते, देवळात जाणे सोडले असते, तर सवलत मिळाली असती. तरीही हजारो कुटुंबे राहिली. भाकरीने आणलेल्या माणसांना इथे कोणी रोखून धरले, याचे उत्तर चावडीवरच्या कथेत सापडत नाही.

यावर आपल्यातलेच काही सुज्ञ म्हणतील की, हे बोलण्याचे दिवस नाहीत. धर्मांतराच्या प्रश्नावर वातावरण तापलेले असताना भुकेची कबुली देणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे. मला उलट वाटते. आपण झाकलेली गोष्ट दुसऱ्याने उघडी केली की तो आरोप होतो. आपण स्वतः सांगितली की ती साक्ष होते. भाकरीचे आमिष दाखवून कोणाला बाप्तिस्मा देणे हे पापच आहे. व्हॅटिकन परिषदेने आमिष आणि जबरदस्ती यांना स्पष्ट मनाई केली आहे. कुठे तसे घडले असेल तर तेही आपणच लिहावे. पण उपाशी माणसाला खाऊ घालणे हे आमिष नव्हे, आणि खाऊ घालणाऱ्याचा देव कोण हे त्या माणसाने विचारणे हा गुन्हा नव्हे.

आता पुन्हा चित्रपटाकडे येतो. आमच्या नात्यातील एका आजींनी तो घरच्या संचावर हिंदीत पाहिला. वय ऐंशीच्या पुढे, सारा जन्म शेतमजुरीत गेलेला. समुद्राचे त्यांना विशेष काही वाटले नाही. वाघाला पाहून त्या किंचित हसल्या. घरातली मुले चित्रीकरणाच्या करामतींवर बोलत होती, तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, “आरं, ते सगळं ऱ्हाऊ दे. त्या लेकरानं इतके दिस खाल्लं काय?” पुढे तो प्रसंग आला. जन्माचा शाकाहारी पाय पहिला मोठा मासा मारतो, ढसाढसा रडतो आणि माशाच्या रूपाने येऊन आपल्याला वाचवल्याबद्दल विष्णूचे आभार मानतो. आजींनी क्रूसाची खूण केली. म्हणाल्या, “बाहत्तर साली खडी फोडून आलो की मिलोची भाकर खायचो. लालभडक, घशाखाली उतरायची न्हाई. पर आदी हात जोडायचो, मंग तुकडा मोडायचो.”

त्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला मिलो आणि वाटली जाणारी सुकडी खाऊन मराठवाड्यातल्या सर्व जातिधर्मांच्या माणसांनी दिवस काढले. त्या अन्नाला चव नव्हती आणि ते खाताना अब्रू शाबूत राहत होती असेही नाही. तरी त्याच्यापुढे हात जोडले गेले. आजींच्या लेखी भूक आणि प्रार्थना ही एकच कथा होती. आपण पाहिलेल्या चित्रपटाचा गाभा त्या एका प्रसंगात होता. शेवटच्या संवादातल्या चतुर प्रश्नाच्या मागे लागून आपण तो विसरलो आणि दहा वर्षे वाद घालत बसलो.

म्हणून वाचकहो, एक सुचवावेसे वाटते. आपल्या धर्मग्रामाची पुढची स्मरणिका निघेल तेव्हा इमारतींची दोन पाने कमी करा. घरात, शेजारी ज्यांना बाहत्तर साल आठवते अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा. श्रद्धा केव्हा मिळाली असे विचाराल तर ती गांगरतील. तेव्हा काय खाल्ले, कोणी दिले, आणि खाण्याआधी काय केले, एवढेच विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि त्यांच्या नावासह छापा.